दूरच्या साखरेचा भाव

नमस्कार श्रोतेहो. आपल्याकडं साखरेचा विषय निघाला की गाडी उसाच्या दरावर येऊन थांबते. आज जरा लांबची साखर बघू.

एस्टोनिया हा जेमतेम साडेतेरा लाख वस्तीचा देश. 1990 नंतर त्यानं शेतमालावरचं आयात शुल्क जवळपास काढूनच टाकलं होतं, त्यामुळं साखर स्वस्त. 1 मे 2004 ला तो युरोपीय संघात गेला. संघात गेलं की सदस्य देशांमधलं शुल्क उठतं, हे सगळेच सांगतात. पण बाहेरून येणाऱ्या मालावर किती शुल्क लावायचं, हे ठरवायचा हक्कही त्याच दिवशी जातो. पांढऱ्या साखरेवर संघाचं शुल्क टनाला 419 युरो! लोकांनी हे आधीच ताडलं आणि पोती भरून ठेवली. पुढं संघानं जादा साठा मोजला तो 91 हजार टनांवर, म्हणजे माणशी 65 किलोंच्या वर. त्याचा भुर्दंड सरकारला बसला.

बरं, शुल्काची ही भिंत तरी संघातल्या साखर कारखान्यांना कायमची पुरली का? 2006 पासून संघानं साखरेचा आधारभाव टनाला 631.9 युरोंवरून टप्प्याटप्प्यानं 404.4 वर आणला. एस्टोनियाबरोबरच संघात गेलेल्या लात्व्हियात आणि स्लोव्हेनियात साखर कारखानदारीच संपली. उलट पोलंडची खाद्यनिर्यात 2004 नंतर कित्येक पटींनी वाढली. अर्थात तिथल्याही ज्या दूधसंस्था आणि कत्तलखाने स्वच्छतेच्या नियमांत बसले नाहीत, त्यांना वेगळा शिक्का मारून फक्त देशातच माल विकावा लागला.

आता आपला गूळ. सीमाशुल्काच्या यादीत तो साखरेच्याच रांगेत बसतो. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदरात एकदा शुल्क भरलं की पुढं पोलंडपर्यंत पुन्हा भरावं लागत नाही, हा फायदा. पण एका बंदरात सदोष ठरला, की तशी सूचना सगळ्या सदस्य देशांत जाते. दुसऱ्या बंदराकडं वळवून काही साधत नाही. घोळ बहुतेक वेळा हायड्रॉसचा, म्हणजे रंग उजळवणाऱ्या गंधकयुक्त पावडरीचा. रवा, म्हणजे गुळाची ढेप, पिवळाधमक दिसावा म्हणून रस उकळायच्या काईलीत ते पडतं आणि गंधकाचा अंश गुळात राहतो. आपल्याकडं त्याची मर्यादा किलोला 70 मिलिग्रॅम. तिकडं 10 च्या वर गेला तर वेष्टनावर ठळक छापावंच लागतं. त्यामुळं निर्यातीच्या गुळासाठी उकळत्या रसातली मळी काढायला रानभेंडीचा रस वापरा, रंग तांबूस आला तर येऊ द्या. आदणं, म्हणजे एकेका वेळी काईलीत शिजवलेला गूळ, वेगळी ठेवा आणि गाडी भरण्याआधी प्रत्येक लॉटचा नमुना प्रयोगशाळेत द्या. हायड्रॉसच्या आदणातले चार रवे चुकून मिसळले, आणि नेमके तेच तपासणीला निघाले, तर सगळा लॉट अडकतो.