चुकलेली डिस्क कुठे पडते?

मित्रहो, डिस्क गोल्फ म्हणजे कमीत कमी फेकींत तबकडी, म्हणजे डिस्क, ठरलेल्या लक्ष्यापर्यंत पोचवायचा खेळ. त्याचा कोर्स कसा आहे असं विचारलं, की बहुतेक खेळाडू होल (फेकायच्या जागेपासून लक्ष्यापर्यंतचा एकेक टप्पा) किती, लांबी किती, झाडी किती दाट हे सांगू लागतात. मी आधी एवढंच बघतो, की चुकलेली डिस्क कुठे जाऊन पडते.

हा खेळ सार्वजनिक बागेतच वाढला. एड हेड्रिक यांनी 1975 साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला. तेव्हा नेम धरायला नुसते खांब होते, डिस्क अडवून धरणारी साखळ्यांची बास्केट नंतर आली. म्हणजे पहिल्यापासूनच ही जागा फिरायला येणाऱ्यांची, मुलांची, कुत्र्याला घेऊन आलेल्यांचीही आहे. आणि डिस्क म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरची मऊ तबकडी नव्हे. कडक प्लास्टिक, निमुळती कड, वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. चांगल्या खेळाडूचा ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीची लांब फेक, 100 मीटरच्या पुढे जातो.

आता टी-पॅडवर, म्हणजे पहिली फेक करायच्या जागेवर, उभे राहा. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन, फेकलेली डिस्क वेग कमी झाला की डावीकडे वळते. बहुतेक जण उजव्या हाताचेच, त्यामुळे फेअरवेच्या (टी-पॅड ते बास्केट यांमधल्या पट्ट्याच्या) डाव्या अंगाला पायवाट, बाक किंवा झोपाळा असेल, तर धोका नकाशातच आखलेला आहे. तीच पायवाट उजवीकडे असती तर तो बराच कमी झाला असता. डावखुऱ्यांच्या आणि फोरहँडने, म्हणजे हात अंगाच्या बाजूने पुढे आणून, फेकणाऱ्यांच्या डिस्क उलट बाजूला जातात, म्हणून उजवी बाजूही तपासा. पण पहिली नजर डावीकडे. टीवरून बास्केटच दिसत नसेल आणि मधून रस्ता जात असेल, तर तो होल कितीही देखणा असो, माझ्या लेखी नापास.

टी-पॅडबद्दल थोडक्यात: पृष्ठभाग खरखरीत हवा आणि पुढची कड जमिनीला लागून हवी. फेकल्यावर पाय पुढे जातोच. तिथे वीतभर खड्डा असेल तर घोटा गेला.

खेळाची गोडी विविधतेत आहे. सगळे होल डावीकडे वळणारे असतील, तर एकच फेक येणारा माणूस जिंकत राहील. उजवं वळण हवं, झाडांमधली सरळ अरुंद वाट हवी, एखादा आखूड होल हवा, जिथे ताकदीपेक्षा हात हलका लागतो. बास्केटमागे उतार असला तर मला फार आवडतं. 10 मीटरवरचा साधा पुटही (बास्केटजवळून केलेली हलकी फेक) मग विचार करायला लावतो, कारण हुकलेली डिस्क कडेवर उभी राहून घरंगळत खाली जाते.

जमीन आणि झाडं बघायला मात्र फारसं कुणी थांबत नाही. टीसमोरच्या पहिल्या झाडाजवळ जा. खोडाच्या टीकडच्या बाजूला साल सोललेली, आतलं लाकूड उघडं पडलेलं दिसेल. मागच्या बाजूला तेच खोड धडधाकट असतं. बास्केटभोवती गवत जाऊन मुळं वर आली असतील, तर ती जागा थकली आहे. बास्केटसाठी दोन-तीन जागा ठेवून ती आलटून पालटून हलवली, तळाशी लाकडाचा भुसा पसरला, तर माती सावरते. हा खर्च फार नाही, पण तो करणारं कुणीतरी नेमलेलं लागतं.

आणि ही पाहणी बाग रिकामी असताना करू नका. सुट्टीच्या दिवशी, गर्दीच्या वेळी जा. डिस्क घरी ठेवा, आणि बागेत सहज फिरायला आलेल्या माणसाच्या वाटेने कोर्स उलटा चालून बघा. कुठे डिस्क अंगावर येईल याचा एकही फलक न दिसता तुम्ही फेअरवेत शिरलात, तर तो होल नंबरासकट लिहून घ्या आणि बागेच्या व्यवस्थापनाला कळवा.