दोन सह्यांची पोटनिवडणूक

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळचे पाच वाजले होते, म्हणजे इथे इंग्लंडमध्ये मिट्ट काळोख. बाहेर बारीक पाऊस. दारावर टकटक झाली. उघडलं तर पन्नाशीचा एक गृहस्थ उभा. छातीवर पक्षाच्या रंगाचं फितीचं फूल, काखेत पत्रकांची पिशवी, हातात मतदारयादी लावलेलं पॅड. आमच्या वॉर्डातल्या नगरसेवकाने राजीनामा दिला होता, पोटनिवडणूक लागली होती, आणि हा उमेदवार एकटाच घरोघर फिरत होता. ना गाडी, ना कार्यकर्त्यांचा घोळका, ना भोंगा. त्याने यादीत माझं नाव शोधलं, पेनाने खूण केली आणि विचारलं, "या भागात काय व्हायला हवं, असं तुम्हाला वाटतं?"

माझ्या मागे स्वयंपाकघरात सांगलीची एक मुलगी चहा पीत बसली होती. ती नर्स आहे, इथे येऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. ती तिथूनच म्हणाली, "काकू, त्यांना सांगा ना, कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर एखादं बाकडं टाकलं तर बरं होईल. बारा तासांची ड्यूटी करून आलं की पायांत गोळे आलेले असतात."

मी म्हटलं, "अगं, तूच ये आणि सांग."

तर म्हणाली, "मी कशी सांगू? मला कुठे मत आहे? माझा पासपोर्ट तर अजून भारताचाच आहे."

श्रोतेहो, हे वाक्य मी या गावात इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की आज माइकसमोर बसताना दुसरा विषय सुचलाच नाही. कारण तिला मत होतं. विलायतेत पाऊल ठेवल्यापासून होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

आधी गावाविषयी दोन शब्द. मी राहते ते स्विंडन, लंडनच्या पश्चिमेला रेल्वेने तासाभरावर. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४३ साली इथे इंजिनांचा कारखाना सुरू केला आणि टेकडीवरच्या जुन्या बाजारगावाच्या पायथ्याशी नवं गाव उभं राहिलं. तो कारखाना १९८६मध्ये बंद पडला. पुढे होंडाच्या मोटारी इथे बनत, तो कारखानाही २०२१मध्ये बंद झाला. पण माणसं येतच राहिली आणि त्यांत आमचे गोंयकार मोठ्या संख्येने आले. मी स्वतः पेडण्याची. इथल्या बाजारात कोंकणी कानावर पडली नाही असा आठवडा जात नाही.

या गोंयकारांपैकी बहुतेक पोर्तुगालच्या पासपोर्टवर आले. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. मग भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. आमच्या घरातच हे दोन्ही आहे. धाकट्या दिरांकडे पोर्तुगालचा पासपोर्ट, मी आणि माझे यजमान भारताच्या पासपोर्टवर, नोकरीच्या व्हिसाने आलेले. पहिल्या वर्षी मतदारकार्डं आली तेव्हा आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसून ती उलटसुलट करून बघत होतो.

तर नियम असा आहे. भारत राष्ट्रकुलात आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक, वय अठरा पूर्ण, इथे राहण्याची कायदेशीर परवानगी आणि राहतं घर इथलं, एवढं असलं की इंग्लंडमध्ये त्याचं नाव मतदारयादीत जातं. व्हिसा नोकरीचा असो की शिक्षणाचा. आणि मत केवळ कौन्सिलसाठी नाही, पार्लमेंटसाठीसुद्धा. पोर्तुगालच्या नागरिकाला मात्र पार्लमेंटला मत नाही, फक्त स्थानिक निवडणुकीत आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तेही जातं की राहतं अशी धाकधूक होती. पण ब्रिटनने पोर्तुगालशी वेगळा करार केला, आणि मे २०२४पासून नियम बदलले तरी पोर्तुगालवाल्यांचा स्थानिक मताचा हक्क टिकला. म्हणजे आमच्या घरी पार्लमेंटच्या वेळी आम्ही दोघं मतदानाला जातो आणि दीर घरी थांबतात. कौन्सिलच्या वेळी तिघंही जातो.

आता कौन्सिल म्हणजे काय? स्विंडनची बरो कौन्सिल १९९७पासून स्वतंत्र एकस्तरीय संस्था आहे, म्हणजे तिच्यावर जिल्हा परिषदेसारखी दुसरी संस्था बसलेली नाही. रस्ते, कचरा, बांधकाम परवाने, शाळाप्रवेश, म्हाताऱ्या माणसांची आणि निराधार मुलांची देखभाल, सगळं तिच्याकडे. आपण महिन्याला जो कौन्सिल टॅक्स भरतो तो इथे जातो आणि त्यातला मोठा भाग या देखभालीवर खर्च होतो. तिच्या खाली पॅरिश कौन्सिलं आहेत. २०१७पासून पूर्ण गावावर पॅरिशं आहेत. बागा, मैदानं असली कामं त्यांच्याकडे. पैसा भरणारे आपण आणि तो कुठे खर्चावा हे ठरवणार शेजारचे, असं का व्हावं? आमची किती मंडळी वर्षानुवर्षं टॅक्स भरतात आणि यादीत नाव नाही, हे बघून मला फार वाईट वाटतं.

बरो कौन्सिलमध्ये ५७ नगरसेवक. वर्षानुवर्षं इथे एकतृतीयांश जागांची निवडणूक होत आली, तीन वर्षं ओळीने मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी आणि चौथ्या वर्षी विश्रांती. २०२३च्या निवडणुकीत सुमारे वीस वर्षांनी इथे मजूर पक्षाची सत्ता आली. त्या वर्षी पक्षाने देशभरच्या प्रचाराची सुरुवातच स्विंडनमधून केली होती. ज्याला आपण आडगाव म्हणतो तिकडे देशाच्या नेत्यांचं लक्ष असतं, ते अशा वेळी कळतं.

पण मला सांगायचं आहे ते पोटनिवडणुकीचं.

नगरसेवक वारला, त्याने राजीनामा दिला, किंवा सलग सहा महिने एकाही सभेला फिरकला नाही तर जागा रिकामी होते. हो, सहा महिन्यांच्या गैरहजेरीने पद जातं, स्थानिक कौन्सिलांच्या १९७२च्या कायद्यात तसं लिहिलेलं आहे. पुढे काय होतं ते नीट ऐका. राजीनामा किंवा मृत्यू झाला की कौन्सिलच्या कचेरीला एक पत्र जावं लागतं, "ही जागा रिकामी आहे" असं सांगणारं. त्या पत्रावर दोन मतदारांच्या सह्या पुरतात. कुठल्याही दोन मतदारांच्या. ते पत्र पोचलं की पस्तीस कामाच्या दिवसांत निवडणूक घ्यावीच लागते. प्रशासनाला सवड नाही, पक्षांना तयारी नाही, हवा थंड आहे, असली कारणं चालत नाहीत. त्याच जागेची नेहमीची निवडणूक सहा महिन्यांच्या आत येणार असेल तरच सहसा ती टाळतात.

दोन सह्या! बहुतेक वेळा पक्षाची माणसंच त्या करतात, हे खरं. पण कायद्याने तो हक्क माझा आहे, त्या सांगलीच्या मुलीचा आहे, माझ्या दिरांचा आहे. पॅरिश कौन्सिलात मात्र दोन नाही, दहा मतदारांनी चौदा कामाच्या दिवसांत मागणी करावी लागते. नाही केली तर उरलेले सदस्य आपल्या मर्जीने कुणालातरी घेतात. अशा कितीतरी जागा गुपचूप भरल्या जातात, कारण सूचनाफलकावरचा तो कागद कुणी वाचलेलाच नसतो.

आता आपल्याकडे बघा. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि पुढची निवडणूक व्हायला जवळजवळ चार वर्षं लागली. तोवर सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. माझी बहीण गोरेगावला राहते. गटाराचं झाकण कुणाला सांगायचं, हा प्रश्न तिला त्या काळात पडला होता. इंग्लंडमध्येही सगळं सोवळं आहे असं नाही. २०२५मध्ये नऊ ठिकाणच्या निवडणुका कौन्सिलांच्या फेररचनेच्या नावाखाली वर्षभर पुढे ढकलल्या, आणि तेव्हाही लोक चिडले होते. पण रिकाम्या एका जागेसाठी पस्तीस दिवसांचं घड्याळ लावणारा हा छोटा नियम मला फार मोलाचा वाटतो.

आणि त्या एका जागेत आपल्या मताचं वजन किती? आमच्यासारख्या वॉर्डात आठेक हजार मतदार धरा. पोटनिवडणुकीला चारांतला एक आला तर दोन हजार. तीन-चार उमेदवारांत ती विभागली की सात-आठशे मतांवर माणूस निवडून येतो. आमच्या गणेशोत्सवाच्या आरतीला जेवढी माणसं जमतात, तेवढ्यांत निकाल फिरू शकतो. २०१७ साली नॉर्थम्बरलंडमध्ये ब्लाइथ या गावी एका वॉर्डात दोघांना अगदी सारखी मतं पडली. फेरमोजणी झाली, तरी सारखीच. शेवटी दोघांना काड्या ओढायला लावल्या. लांब काडी लिबरल डेमोक्रॅट उमेदवाराच्या हाती आली आणि हुजूर पक्षाचं ६७ जणांच्या कौन्सिलमधलं बहुमत एका जागेने हुकलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत महापालिकेच्या एका प्रभागाचा निकाल चिठ्ठी काढून लागला होता, तो तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. घरी बसलेला एक जण आला असता तर काडी नको होती आणि चिठ्ठीही नको होती.

तर त्या संध्याकाळी मी त्या गृहस्थाला "थांबा" म्हटलं, मुलीला हाताला धरून दारात आणलं आणि तिचं बाकड्याचं बोलणं तिच्या तोंडून त्यांना ऐकवलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. नाव नोंदवायला मतदानाच्या आधी बारा कामाच्या दिवसांपर्यंत मुदत असते. आमच्याकडे चार दिवस होते. चहा गार झाला, पण तिने तिथेच फोनवर नॅशनल इन्शुरन्सचा नंबर घालून अर्ज भरला. पाच मिनिटंही लागली नाहीत. पार्लमेंटच्या उमेदवाराला ५०० पौंड अनामत लागते, कौन्सिलला ती नाही आणि उमेदवारी अर्जावर सूचक आणि अनुमोदक अशा दोनच सह्या लागतात, हेही मी तिला सांगून टाकलं. मात्र आपल्यासारख्याला उभं राहायचं तर कायम वास्तव्याचा परवाना हवा. ती हसली.

मतदान गुरुवारी, सकाळी सात ते रात्री दहा. केंद्र म्हणजे चर्चचा हॉल, एका कोपऱ्यात बालवाडीची खेळणी चादरीखाली झाकलेली. रात्रपाळी संपवून ती परस्पर आली, गणवेशावर जाड कोट. २०२३पासून फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं. त्या वर्षीच्या पहिल्याच निवडणुकीत सुमारे १४,००० माणसं ओळखपत्र नाही म्हणून केंद्रावरून मत न देता परतली. म्हणून कळकळीने सांगते, भारताचा पासपोर्ट चालतो, पोर्तुगालचा चालतो, मुदत संपलेलासुद्धा चालतो, फक्त फोटो तुमच्यासारखा दिसायला हवा. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला कौन्सिल फुकट दाखला देते.

टेबलामागच्या बाईंनी पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, चेहरा पाहिला. मग यादीवर पट्टी ठेवून ती ओळीओळीने खाली सरकवली. आडनाव त्यांना उच्चारता येईना. मुलीने सावकाश सांगितलं, त्यांनी तिच्यामागून दोनदा म्हटलं आणि पट्टीच्या वर पेन्सिलीने रेघ मारली. तिने सवयीने डाव्या हाताची तर्जनी पुढे केली, शाईसाठी. शाई नसते म्हटल्यावर जरा गोंधळली. आडोशाला दोरीने बांधलेली जाडी पेन्सिल, तिने कागदावर एक फुली मारायची, घडी करायची आणि काळ्या पेटीत टाकायची. सांगलीला तिने बटण दाबलं होतं. कागद पेटीत पडल्याचा आवाज येतो का, म्हणून ती क्षणभर तिथेच वाकून उभी राहिली.

कुणाला दिलं, ते मी विचारलं नाही. घरी येताना ती बसस्टॉपपाशी थांबली, जिथे बाकडं हवं ती जागा मला दाखवली. मग म्हणाली, "काकू, मोजतात ते बघायला जाता येतं?"

येतं, म्हटलं. सोळा वर्षांवरच्या कुणालाही निरीक्षक म्हणून निवडणूक आयोगाकडे अर्ज करता येतो, पैसे पडत नाहीत, पण आधी करावा लागतो, आज रात्रीसाठी उशीर झाला. मे महिन्याच्या मोजणीला जमेल.

"लिंक पाठवा," ती म्हणाली, आणि झोपायला गेली. दुपारी तीनला तिचा मेसेज आला, अर्जात पत्ता कौन्सिलच्या कार्डावरचा लिहायचा की पासपोर्टवरचा?