पॅनेलला दोष देण्याआधी

मंडळी, पत्रिकेवर विषय आहे 'घरच्या सोलरसाठी इन्व्हर्टर'. त्याकडे येतोच. पण आधी बॅटरीशेजारच्या त्या छोट्या डबीबद्दल, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीत भरणाऱ्या चार्ज कंट्रोलरबद्दल बोलू द्या. तिच्यापायी वीज वाया जाते आणि शिव्या पॅनेलला बसतात.

आमच्या शेजारच्या वस्तीवर एका मावशींनी गोठ्याच्या पत्र्यावर 330 वॅटचं पॅनेल बसवलं. खाली 12 व्होल्टची बॅटरी आणि दुकानदाराने गळ्यात मारलेला स्वस्तातला कंट्रोलर. पंखा रात्री मध्येच बंद पडायचा. दुकानदार म्हणाला, "बॅटरी गेली, नवी घ्या." बिचारीने घेतली. पुन्हा तेच! भर दुपारी मी मीटर घेऊन गेलो. पॅनेलच्या पाठीवर लेबल होतं: 37.5 व्होल्ट, 8.8 अँपिअर. वायरींना मीटर लावला, तर जेमतेम 13 व्होल्ट. करंट मात्र नऊच्या आसपास. तेरा नव्वे किती? 117! पैसे मोजले 330 वॅटचे, पदरात पडले 117.

कारण तो कंट्रोलर पीडब्ल्यूएम, म्हणजे साध्या प्रकारचा होता. त्याच्या आत नुसता स्विच. स्विच लागला की पॅनेल थेट बॅटरीला जोडलं जातं आणि पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीइतकं खाली ओढलं जातं. करंट काही त्या बदल्यात वाढत नाही, तो उन्हावर ठरतो. पीडब्ल्यूएम टाकाऊ नाही बरं का. छत्तीस सेलचं, 18 व्होल्टच्या आसपासचं पॅनेल असेल तर 12च्या बॅटरीला तो खुशाल लावा. हे 72 सेलचं होतं. त्याला एमपीपीटी, म्हणजे पॅनेलची पुरी ताकद काढून घेणारा कंट्रोलरच हवा. त्यात कॉइल असते, स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, व्होल्टेज उतरतं आणि करंट वाढतो. तेच पॅनेल, तेच ऊन, पण बॅटरीकडे 23-24 अँपिअर. मावशींना हे आधीच कुणी सांगितलं असतं तर दुसऱ्या बॅटरीचे पैसे वाचले असते. मला राग येतो तो याचा.

पाचच मिनिटं उरली? बरं, इन्व्हर्टर.

ऑन-ग्रिड, म्हणजे सरकारी लाइनला जोडलेला इन्व्हर्टर लाइट गेली की बंद होतो. तो बिघाड नव्हे. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरच्या विजेचा शॉक बसू नये, म्हणून तशी सोय केलेली असते. लाइट नसतानाही घर चालवायचं तर हायब्रिड, म्हणजे लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या. फ्रिज असेल तर प्युअर साइन वेव्हच, म्हणजे लाइनसारखी गुळगुळीत लहरीची वीज देणारा. स्क्वेअर वेव्हच्या, म्हणजे चौकोनी लहरीच्या विजेवर पंखा घुंई करतो, कॉम्प्रेसर तापतो. शिवाय कॉम्प्रेसर सुरू होताना कित्येक पट करंट ओढतो, तेव्हा इन्व्हर्टरचे वॅट अगदी हिशेबापुरते घेऊ नका.

आणि शेवटचं, निफाडकडच्या लोकांनी खास ऐका. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं. उघड्या टोकांना 46 व्होल्ट दाखवणारी दोन पॅनेलं सिरीजमध्ये जोडली की 92. पाच अंशांच्या सकाळी ती 97च्या पुढे जातात. कंट्रोलरवर कमाल 100 व्होल्ट लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, 150चा घ्या.