गजांतून ऐकू आलेलं प्रवचन

व्हर्जिनिया ही ब्रिटिश वसाहत, जानेवारी १७७४. अमेरिका नावाचा देश अजून जन्माला यायचाय. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला, पण तेव्हा बावीस वर्षांचा असलेला जेम्स मॅडिसन मित्राला पत्र लिहितोय, आणि तो भयंकर चिडलाय. शेजारच्या काउंटीत पाच-सहा भली माणसं कोठडीत आहेत. चोरी नाही, मारामारी नाही. आपल्याला पटलेला धर्मविचार त्यांनी लोकांना सांगितला, एवढाच गुन्हा.

त्या काळात तिथे तुरुंगात पडत ते मुख्यतः बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे उपदेशक. सरकारी चर्च एकच, इंग्लंडचं अँग्लिकन. त्याच्या पाद्र्याचा पगार कायद्याने ठरलेला, वर्षाला १६,००० पौंड वजनाची तंबाखू. कर मात्र सगळ्यांनी भरायचा, त्या चर्चची पायरी न चढणाऱ्यानेसुद्धा. परवाना नसताना प्रवचन केलं की तुरुंग. काही उपदेशक मग कोठडीच्या गजांतूनच बाहेर जमलेल्यांना उपदेश करत.

१७७६ मध्ये व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता. मसुद्यात शब्द होता 'सहिष्णुता'. ऐकायला किती छान! पण मॅडिसनला तो खटकला. सहन करणारा वर बसतो आणि ज्याला सहन करायचं तो खाली. दिलेली सवलत उद्या काढूनही घेता येते. त्याने आग्रह धरला आणि तिथे हक्काची भाषा आली. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही एका शब्दाची दुरुस्ती.

१७८४ मध्ये व्हर्जिनियाचा नेता पॅट्रिक हेन्री याने धर्मासाठी नवा कर सुचवला. आपला पैसा कोणत्या ख्रिस्ती पंथाला जावा, हे करदात्यानेच सांगायचं. वरवर उदार योजना. मॅडिसनचा सवाल होता, आज धर्मासाठी तीन पेन्स सक्तीने घेणारं सरकार उद्या कुठे थांबेल? विरोधाचे अर्ज गावोगावहून आले. सह्या करणाऱ्यांत बाप्टिस्ट होते, प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे लोक होते. धर्म बुडवायला निघालेली माणसं नव्हती ती. सरकारचा हात लागला की श्रद्धा बाटते, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

कर बारगळला. जानेवारी १७८६ मध्ये थॉमस जेफरसनचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला. प्रस्तावनेत येशू ख्रिस्ताचं नाव घालण्याची सूचना बहुमताने फेटाळली गेली. जेफरसनने पुढे लिहून ठेवलं की या संरक्षणात ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि नास्तिक, सगळे आले. मनाला मोकळं करणाऱ्या या माणसाच्या मळ्यावर माणसं गुलाम होती, हे सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही.

१७८७ च्या अमेरिकेच्या राज्यघटनेने केंद्र सरकारच्या पदासाठी धर्माची अट घालायला मनाई केली. १७९१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती आली: कायद्याने कोणताही धर्म सरकारी करायचा नाही आणि कुणाच्या धर्मपालनात आडवं यायचं नाही. पण ती बांधून ठेवत होती फक्त काँग्रेसला, म्हणजे केंद्रातल्या संसदेला; राज्यांना नाही. कनेक्टिकट राज्यात तिथल्या सरकारी चर्चचा, काँग्रिगेशनल चर्चचा, कर चालूच राहिला. सूट हवी असेल तर वेगळ्या पंथाच्या माणसाने दाखला सादर करायचा. तिथल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांनी राष्ट्राध्यक्ष जेफरसनला पत्र लिहिलं. १ जानेवारी १८०२ ला उत्तर आलं. चर्च आणि शासन यांच्यामधली 'भिंत' हे शब्द त्याच उत्तरातले.

डॅनबरीकरांच्या डोक्यावरचं सरकारी चर्च हटलं, ते १८१८ मध्ये.