कापसाच्या ट्रॉलीमागे

डिसेंबरची दुपार. विदर्भातला वणी–घुग्घुस रस्ता. सगळ्यात पुढे कोळशाचा ट्रक, त्याच्यामागे कापसाची ट्रॉली, मग आपण. आणि आपल्यामागे एक मोटारसायकल, हॉर्नवरचा अंगठा न काढणारी.

"काढ ना भाऊ, काहून थांबला?" मागच्या सीटवरून आवाज येतोच. चालवणाऱ्यापेक्षा बसलेल्याला नेहमी जास्त घाई!

त्या ट्रॉलीकडे जरा नीट बघा. कापूस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलाय. ट्रॅक्टरला आरसा असलाच, तरी त्यात कापूसच दिसणार. इंजिनाच्या धडधडीत आपला हॉर्न त्या कास्तकाराला ऐकू जात नाही. वर गाणी लावलेली असली तर बघायलाच नको. मागे कोणी आहे, हे त्याच्या गावीही नसतं. उजव्या हाताला जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचं, गेट आलं की तो सरळ वळतो. हात नाही, इंडिकेटर नाही. नेमके तेव्हाच आपण त्याच्या उजव्या अंगाला असलो तर?

बरं, ट्रॉली सोडा, नुसता ट्रक ओलांडायचा हिशेब करू. ट्रक ४० च्या वेगात, आपण ६० च्या. ट्रकची लांबी आणि मागचं-पुढचं अंतर धरून त्याच्यापेक्षा ५० मीटर जास्त कापायचे, म्हणजे ९ सेकंद. तेवढ्यात आपण १५० मीटर जातो आणि समोरून ६० नेच येणारी एसटीही १५० मीटर जवळ येते. ३०० मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. ट्रॉलीला चिकटून तो दिसणार कसा?

आणि मिळतं काय? २० किलोमीटर ४० ऐवजी ५० ने गेलो, तर ६ मिनिटं वाचतात. टपरीवर चहा उकळेपर्यंत तेवढी जातात.

म्हणून मागे सरका. ट्रॉली मैलाच्या दगडाजवळून गेली की मोजायला लागा. तीन सेकंदांच्या आत आपण दगडापाशी पोचलो, तर फार जवळ आहोत. धुकं असेल तर अंतर दुप्पट. गंमत म्हणजे नाकासमोरची ताडपत्री लांब गेली की चिडचिडही उतरते. हॉर्नवाल्याला जागा द्या, जाऊ द्या.

पावणेसहाला सूर्य बुडालेला असतो. मग खरी परीक्षा. ट्रॉलीला मागे लाइट नाही, बैलबंडीला रिफ्लेक्टर नाही, समोरचा डिपर देत नाही. आपणही फुल लाइट मारला, तर दोघंही आंधळे. पाय ॲक्सिलरेटरवरून उचला, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा.

शेवटी ट्रॉली गेटात शिरते. समोर रस्ता मोकळा. इथेच रेस देऊ नका. गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आहे, माणसं डांबरावर उभी राहून भावाची चर्चा करतायत, आणि रिकामी झालेली एखादी ट्रॉली त्याच गेटातून बाहेर पडतेय.