भूकंप नंतर, आधी वॉशिंग मशीन

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, मी भूकंपशास्त्रज्ञ वगैरे नाही, हौशी माणूस. घरातल्या फरशीवर एक छोटा जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर टिपणारा सेन्सर, ठेवलाय, तो कॉम्प्युटरला जोडलाय, आणि रोज उठल्या उठल्या मी रात्रभराची रेघ बघत बसतो. घरच्यांनी आता बोलणंही सोडलंय.

पहिल्याच आठवड्यात मला भूकंप सापडला! म्हणजे मला तसं वाटलं. चांगली दहा मिनिटं रेघ नाचत होती, मी स्क्रीनशॉट काढून चार जणांना पाठवलासुद्धा, आणि मग स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या वेळी कुठली फ्रिक्वेन्सी होती ते दाखवणारं चित्र) उघडला तर त्यात एक बारीक रेघ हळूहळू वर चढत जाऊन बरोबर 20 हर्ट्झवर स्थिरावलेली. मिनिटाला 1200 फेरे म्हणजे सेकंदाला 20. वॉशिंग मशीन कपडे पिळत होतं. भूकंपाला असं गिअर टाकत टाकत वर जायची सवय नसते, तो एकदम येतो, सगळ्या फ्रिक्वेन्सी एकत्र घेऊन, आणि मग वरच्या फ्रिक्वेन्सी आधी विरतात.

तेव्हापासून मी नव्या लोकांना एकच सांगतो, पहिला महिना भूकंप शोधूच नका, काहीच न घडलेले दिवस बघा. ट्रक गेला की रेघ हळू फुगते आणि हळूच ओसरते, दार आपटलं की एक ठोका आणि एक-दोन सेकंदांत खेळ खलास. जवळच्या भूकंपात मात्र दोन टप्पे दिसतात, आधी पी (वेगवान, पहिली पोचणारी लाट), मग एस (मागून येणारी, जास्त जोरदार लाट). मधली सेकंदं मोजा, आठने गुणा, ढोबळमानाने तेवढे किलोमीटर. पाच सेकंद असतील तर चाळीस. पण हा हिशोब लांबच्या भूकंपाला लावू नका हं, तिथे लाटा पृथ्वीच्या पोटातून, जास्त वेगाच्या थरांतून येतात. दहा हजार किलोमीटरवरच्या भूकंपाची पी साधारण 13 मिनिटांनी पोचते, एस 24 च्या आसपास, आणि आठने गुणलंत तर अंतर जेमतेम निम्मं येतं. शिवाय वरच्या फ्रिक्वेन्सी वाटेतच संपलेल्या असतात, त्यामुळे फिल्टर 0.7 ते 2 हर्ट्झ असा लावला, म्हणजे तेवढ्याच फ्रिक्वेन्सी ठेवल्या, तरच काहीतरी हाती लागतं.

आता माझा आवडता भाग. सगळं शांत असलं, रात्रीचे तीन वाजलेले असले, तरी चांगला सेन्सर असेल तर रेघ सपाट नसतेच, पाच ते आठ सेकंदांच्या संथ हेलकाव्यात डुलत असते. हा समुद्र! किनारा शेकडो किलोमीटर लांब असला तरी. गंमत म्हणजे समुद्राच्या लाटांचा काळ, म्हणजे एका हेलकाव्याला लागणारा वेळ, बारा-चौदा सेकंद असतो आणि जमिनीचा त्याच्या निम्मा. हे कोडं 1950 मध्ये लाँग्वे-हिगिन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने उलगडलं: समोरासमोरून येणाऱ्या सारख्या लाटा भिडल्या की त्यातून दुप्पट फ्रिक्वेन्सीचा दाब तयार होतो आणि तो खोलीबरोबर न विरता थेट तळापर्यंत पोचतो. साध्या 4.5 हर्ट्झच्या (म्हणजे त्याहून संथ हालचाल नीट न टिपणाऱ्या) जिओफोनला हे फार पुसट दिसतं, पण समुद्रात मोठं वादळ असलं की कधीकधी कळतं.

आणि आपण माणसं? आपला गोंगाट साधारण 1 हर्ट्झच्या वर, दिवसा जास्त, रात्री कमी, सुट्टीला अजून कमी. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये 117 देशांतल्या 268 स्टेशनांचा डेटा तपासला तर हा आवाज काही ठिकाणी 50 टक्क्यांपर्यंत उतरलेला निघाला, आणि त्या शांततेत एरवी दबून जाणारे बारीक धक्के दिसायला लागले.

माझ्या स्पेक्ट्रोग्रामवर अजून एक आडवी रेघ आहे, 25 हर्ट्झच्या जराशी खाली, मधूनच उगवते आणि पंधरा मिनिटांत गायब. चार पोलची (चुंबकीय ध्रुवांची) साधी मोटर 50 हर्ट्झ विजेवर सेकंदाला 25 फेऱ्यांपेक्षा किंचित हळूच फिरते, म्हणजे कुणाचा तरी पंप. कुणाचा, ते शोधायला मी एकदा वही घेऊन जिन्यात उभा होतो, शेजाऱ्यांनी विचारलं काय करताय, मी म्हटलं काही नाही, ऐकतोय.