आईनं नको म्हटलं, म्हणून राजा व्हायचं राहिलं

नमस्कार मंडळी! आज जरा लांब जाऊया, चीनमध्ये, इ.स.पू. 209 साली. मातीचे सैनिक शेजारी पुरून घेणारा तो पहिला सम्राट, त्याला जाऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि पावसात अडकलेल्या 900 वेठीच्या शिपायांनी उठाव केला, कारण पोचायला उशीर म्हणजे मरणाचीच शिक्षा, मग तसंही मरायचंय तर लढून मरू ना! त्यांचा म्होरक्या चेन शेंग, तो लगेच राजा झाला, आणि सहाएक महिन्यांत स्वतःच्याच गाडीवानाच्या हातून मेला पण.

याच धामधुमीत तोंगयांगच्या पोरांनी तिथल्या अधिकाऱ्याला मारून टाकलं. हजारो लोक जमले खरे, पण पुढारी कोण? मग गेले चेन यिंगकडे. हा बिचारा कचेरीतला कारकून, सरळ, भरवशाचा माणूस. म्हणाला, मला नाही जमायचं. ऐकतंय कोण, बळेच घोड्यावर बसवलं! माणसं झाली 20,000, सगळ्यांनी डोक्याला गडद रंगाची फडकी बांधली आणि म्हणायला लागले, आता राजाच व्हा.

इथे आली त्याची आई. जुन्या चिनी इतिहासात तिचं म्हणणं नोंदलंय, नाव मात्र नाही, असो. ती म्हणाली, बाळा, तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हापासून तुमच्या खानदानात कोणी मोठा माणूस होऊन गेल्याचं ऐकलं नाही, एकदम एवढं नाव झालेलं बरं नव्हे, त्यापेक्षा दुसऱ्याच्या हाताखाली राहा, जिंकलात तर जहागीर मिळेल, हरलात तर पळायला सोपं, तुला कोण ओळखतंय!

काय हिशोब आहे बघा. तेवढ्यात शियांग ल्यांग 8,000 माणसं घेऊन यांगत्से ओलांडून आला, पिढीजात सेनापतींचं घराणं त्याचं, चेन यिंगनं सगळी फौज त्याच्या हवाली केली आणि मोकळा झाला. काही महिन्यांतच तिंगताओच्या लढाईत ल्यांग पडला. त्याचा पुतण्या शियांग यू, त्यानं ज्युलूला नदी ओलांडल्यावर होड्या बुडवल्या, स्वयंपाकाची भांडी फोडली, तीन दिवसांची शिदोरी ठेवली आणि लढाई जिंकली, पण इ.स.पू. 202 मध्ये गायशियाला हरून त्यानं स्वतःचाच गळा चिरला.

आणि आपला कारकून? तो नंतर शियांग यूला हरवणाऱ्या हान राजवटीकडे गेला, त्याला तांगयीची जहागीर मिळाली. त्याच्या नातवानं राजकन्येशी लग्न केलं आणि त्यांची मुलगी पुढे हान वू सम्राटाची पहिली पट्टराणी झाली! तिलाही नंतर पदावरून काढलं म्हणा, पण तोवर म्हातारी हे बघायला नव्हती.